फिल्टरच्या जागी जंपर

परभणीत पॉवर सप्लाय बिघडतो मे महिन्यात आणि दुकानात येतो डिसेंबरात. थंडी पडली की सकाळी शटर वर करायच्या आधीच कुणीतरी सेट टॉप बॉक्स आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर पिशवीत घालून उभं असतं. ‘‘दादा, सकाळी सकाळी चालूच होईना गेलंय. नुसता लाल दिवा लुकलुकायलाय. घंटाभर लावून ठेवलं की मग आपोआप चालतंय.’’ दुपारी दुकानात लावून पाहावं तर बॉक्स बिनतक्रार चालतो. मल्टिमीटर बरोबर बारा व्होल्ट दाखवतो. कारण ठाऊक नसलेला मेकॅनिक ‘यात काहीच बिघाड नाही’ म्हणून बॉक्स परत देतो आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या सकाळी पुन्हा दारात असतं.

बिघाड आउटपुटच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवात भिजवलेला कागद, अशी त्याची गुंडाळी असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. घर पत्र्याचं, बॉक्स वरच्या फळीवर, आणि अ‍ॅडॉप्टरच्या बंद डबीत बाहेरच्यापेक्षा आणखी तीस अंश चढलेले. म्हणजे कंडेन्सर ७५ अंशांवर दिवस काढतो आणि त्यातला द्रव रबरी बुचातून थोडा थोडा उडत राहतो. उकाडा आहे तोवर उरलेला द्रव पातळ असतो, म्हणून काम निभतं. थंडी आली की तो घट्ट होतो, कंडेन्सरचा आतला रोध एकदम वाढतो आणि सप्लाय सुरूच होत नाही. वीज लावून ठेवली की सुरू होण्याच्या त्या अर्धवट धडपडीतच कंडेन्सर हळूहळू तापतो, रोध उतरतो आणि बॉक्स चालू होतो. गिऱ्हाइकाला वाटतं थंडीनं बिघडला. थंडीनं तो फक्त उघडा पाडलेला असतो.

या कंडेन्सरांचा एक ढोबळ नियम आहे. तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य निम्मं होतं, दहा अंशांनी उतरलं की दुप्पट. अंगावर ‘८५ अंश’ छापलेला साधा कंडेन्सर त्या तापमानाला हजार तासांचा असेल, तर ७५ अंशांवर दोन हजार तासांचा होतो. रात्रंदिवस चालवला तर तीन महिनेही नाहीत. ‘१०५ अंश’ छापलेला, दोन हजार तासांचा कंडेन्सर त्याच जागी सोळा हजार तास, म्हणजे पावणेदोन वर्षांवर टिकतो. किमतीतला फरक चहाच्या एका कपाएवढाही नसतो. पुण्यात किंवा बेंगळुरूत, २८ अंशांच्या खोलीत टेबलावर तपासलेला सप्लाय परभणीत का टिकत नाही, याचं निम्मं उत्तर या हिशोबात आहे. उरलेलं आमच्या विजेत, आमच्या मातीत आणि सप्लाय बनवणाऱ्याने काय गाळलं त्यात आहे.

मी काम शिकलो स्टेशन रोडवरच्या एका उस्तादांकडे. ते मूळचे रेडिओवाले, भाषा दख्खनी. त्यांच्या हाताखाली जुने व्हॉल्व्हचे रेडिओ मी उघडले. त्यात अडीचशे व्होल्टच्या लाइनवर आठ-आठ मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर आणि मध्ये चोक, असा फिल्टर असायचा. काही फार जुन्या सेटमध्ये तर वेगळा चोक नव्हताच. स्पीकरमधल्या चुंबकाची कॉइलच चोक म्हणून वापरलेली असे. एका गुंडाळीकडून दोन कामं करून घेणारी ती आखणी आजही मला फार आवडते. सेट आला की उस्ताद आधी आवाज कमी करून, डोळे मिटून ऐकायचे. ‘‘पहले कान लगा. मीटर बाद में.’’ घूं असा जाडसर, सलग आवाज आला की फिल्टर गेला. ५० हर्ट्झची वीज चार डायोडांमधून गेली की तिचे उमाळे सेकंदाला शंभर होतात. तो शंभराचा सूर कानात एकदा बसला की विसरत नाही. मग ते हातातला एक चांगला कंडेन्सर संशयित कंडेन्सरला समांतर टेकवायचे. घूं थांबली की निदान झालं. माझ्याकडे आता आतला रोध मोजणारा मीटर आहे, तरी घाईच्या वेळी मी अजून तेच करतो.

आमच्या शहराला नळाचं पाणी कित्येक दिवसांआड येतं. घरातला हौद किती मोठा हवा ते तीन गोष्टींवर ठरतं: घरात रोज पाणी किती लागतं, नळ किती दिवसांनी येतो आणि हौदाची पातळी किती खाली गेलेली चालते. कंडेन्सरचं अगदी तसंच आहे. प्रवाह किती, दोन उमाळ्यांमधलं अंतर किती आणि व्होल्ट किती उतरलेले चालतील. अंतर ठरलेलं आहे, सेकंदाचा शंभरावा भाग. प्रवाहाला त्याने गुणायचं आणि कंडेन्सरच्या मायक्रोफॅरडने भागायचं, की व्होल्ट जास्तीत जास्त किती खाली-वर होणार ते कळतं. हा एक गुणाकार आणि एक भागाकार ज्याने केला नाही त्याने सप्लाय बनवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण तो न केल्याचं नुकसान भलत्याच माणसाला सोसावं लागतं.

सेलूच्या बाजूला कापूस खरेदी करणाऱ्या एका अडत्याच्या काट्याची गोष्ट सांगतो. ‘‘आकडे नाचायलेत. शेतकरी म्हणतोय काटा मारायलाव. आम्ही काहीच करीना गेलोत,’’ तो सांगत होता. हंगामाचे दिवस होते, दारात कापसाच्या गाड्या होत्या आणि संशय वाढत चालला होता. काटा मी उघडत नाही. त्याला वैधमापन विभागाचं सील असतं आणि दुरुस्तीला परवाना लागतो. मी मागवून घेतला तो काट्याचा एलिमिनेटर, म्हणजे बाहेरचा पॉवर सप्लाय.

वजनकाट्याच्या पोटात लोडसेल असतो. शंभर किलोचं पूर्ण वजन ठेवलं तेव्हा त्यातून दहा मिलिव्होल्ट मिळत असतील, तर दहा ग्रॅमला येतो फक्त एक मायक्रोव्होल्ट. व्होल्टचा दहा लाखावा भाग. एवढी बारीक गोष्ट वाचणाऱ्या यंत्राला वीज निवळ लागते. एलिमिनेटरमध्ये होता बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि ४७० मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर. काटा घेत होता सुमारे ३०० मिलिअँपिअर. वरचा हिशोब केला तर खाली-वर होणं सहा व्होल्टच्या वर जातं. डायोड उमाळ्याच्या आधीच चालू होतात म्हणून प्रत्यक्षात पाचेक धरा. वीज पूर्ण २३० असेल तोवर काही दिसत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या बारा व्होल्टचं शिखर सतराचं, डायोडांनी दीड खाल्ला, साडेपंधरा उरले, त्यातून पाच गेले तरी दहा आहेत. काट्यातल्या ७८०५ रेग्युलेटरला पाच व्होल्ट द्यायला सात पुरतात, आणि सातच्या वर जे असेल त्यातली लाट तो व्यवस्थित गिळतो. पण हंगामात त्याच डीपीवर (वितरण ट्रान्सफॉर्मरवर) शेतीच्या मोटारी चालू, आणि दुपारी अडतीवर वीज १७० व्होल्ट. मग शिखर येतं अकरावर, त्यातून पाच गेले की सहा. सेकंदातून शंभर वेळा रेग्युलेटर उपाशी, आणि त्याचे पाच व्होल्ट शंभर वेळा खचलेले. आकडे नाचणारच.

मी ४७० च्या जागी २२०० मायक्रोफॅरडचा, १०५ अंशांचा कंडेन्सर बसवला आणि शेजारी बारीक सिरॅमिक लावला. आता १७० व्होल्टलाही तळ साडेनऊच्या वर राहतो. आकडे थांबले. त्या अडत्याला मी गणित समजावून सांगितलं, कारण त्याला ते शेतकऱ्याला सांगायचं होतं. वर्षभराचा कापूस ज्या आकड्यावर विकला जातो, तो आकडा एका अपुऱ्या कंडेन्सरमुळे संशयित ठरावा, याचा मला त्या दिवशी मनापासून राग आला होता.

दुपारची वीज अशी आणि रात्रीची उलट. शेतीच्या मोटारी बंद झाल्या, गाव झोपलं की टोकाच्या डीपीवर व्होल्ट चढतात. २७०, कधी २८०. हल्लीचे बहुतेक सप्लाय एसएमपीएस. त्यात ट्रान्सफॉर्मर पुढे नसतो. आलेली वीज तशीच डायोडांतून नेऊन मोठ्या कंडेन्सरवर साठवतात. २३० व्होल्टचं शिखर ३२५. म्हणून बनवणारे तिथे ४०० व्होल्टचा कंडेन्सर घालतात आणि कागदावर ७५ व्होल्टची मोकळीक दिसते. २८० ला शिखर ३९६. मोकळीक चार व्होल्टची. २९० झाले की कंडेन्सर मर्यादेपलीकडे गेला. सकाळी तो डोकं फुगवून, कधी फुटून, आतला कागद बाहेर टाकून पडलेला असतो आणि सगळ्या दुकानात त्याचा उग्र वास सुटतो. मी तिथे ४५० व्होल्टचा बसवतो. तो अंगाने जाड, डबीत मावत नाही, मग पाय वाकवून आडवा झोपवायचा, खाली चिकटपट्टी लावायची. पालमला, जिंतूरच्या डोंगराकडच्या गावांना, गंगाखेडच्या वाड्यांवर जाणारं काम असेल तर न विचारता मी ४५० चाच घालतो. डीपीवर न्यूट्रल सुटलं तर मात्र काही उपयोग नाही. तेव्हा एका घरात चारशेपर्यंत व्होल्ट येतात, शिखर साडेपाचशेच्या पुढे जातं आणि ते सोसणारा कंडेन्सर घरगुती सप्लायमध्ये कुणीच घालत नाही. अशा वेळी पुढे व्हॅरिस्टर आणि खरा फ्यूज असेल तर फ्यूजवर भागतं. तांब्याची तार पिळून घातलेली असेल तर बोर्डच जळतो.

इथवर फिल्टर म्हणजे आत येणाऱ्या विजेचा बंदोबस्त. पण फिल्टरचं दुसरं तोंड बाहेरच्या बाजूला असतं, आणि त्याच्याकडे जवळजवळ कुणी पाहत नाही. जिंतूर तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी रेडिओ घेऊन आले. आकाशवाणी परभणी, मध्यम लहरी, १३०५ किलोहर्ट्झ. शेतीचे कार्यक्रम, कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांचे सल्ले ते वर्षानुवर्षं नेमाने ऐकत आले होते. ‘‘मामा, काय होतंय?’’ विचारलं तर म्हणाले, ‘‘अलीकडं संध्याकाळी लागला की नुसती शिट्टी वाजायली. माणूस काय बोलायलाय कळंनाच.’’ रेडिओ दुकानात स्वच्छ वाजला. मी त्यांना एकच विचारलं: घरात नवीन काय आणलं? नातवाच्या मोबाइलचा चार्जर. तो घेऊन या म्हटलं.

दुसऱ्या फेरीला चार्जर आला. रेडिओशेजारच्या बोर्डात लावला आणि शिट्टी सुरू. उघडून पाहिलं. बोर्डावर विजेच्या तोंडाशी एका कंडेन्सरची जागा छापलेली होती, रिकामी. पुढे दोन गुंडाळ्यांच्या चोकची जागा, तिथे तारेचे नुसते दोन जंपर. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या निळ्या कंडेन्सरची जागाही रिकामी. म्हणजे ज्याने बोर्ड आखला त्याला फिल्टर ठाऊक होता. त्याने तो आखला होता, जागा ठेवल्या होत्या. मधल्या कुणीतरी त्या तीन वस्तू वगळल्या, कारण त्या नसल्या तरी मोबाइल चार्ज होतो.

असे सप्लाय बरेचदा ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. हा आकडा उगाच निवडलेला नाही. विजेच्या तारेतून बाहेर जाणारी खरखर मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. ६५ ची दुप्पट १३०, तीही मोजणीच्या खालीच राहते आणि फिल्टर लहान करता येतो. हा हिशोब ठीक आहे. पण तुटक तुटक उघडझाप करणाऱ्या सप्लायमधून दुप्पट, तिप्पट अशा पटी वरपर्यंत निघत राहतात. ६५ ची विसावी पट १३००. परभणी केंद्रापासून फक्त पाच किलोहर्ट्झवर. केंद्राची लहर आणि ही लहर रेडिओत एकत्र झाली की पाच किलोहर्ट्झचा सूर उमटतो, कानाला टोचणारी बारीक शिट्टी. चार्जर तापला की त्याची चाल सरकते आणि शिट्टीचा सूरही सरकतो, म्हणून ती कधी वाढते, कधी विरते. आणि घरातली वायरिंग या लहरीला मोठा एरियल पुरवते, त्यामुळे शेजारच्या घरातला चार्जरही पुरतो.

ती छापलेली जागा पाहून मी जंपर कापले, जुन्या पीसी सप्लायमधला चोक बसवला, पुढे २७५ व्होल्ट एसी छापलेला पिवळा कंडेन्सर घातला. तिथे तोच लागतो. साधा डीसीचा चालत नाही, कारण तो थेट विजेच्या दोन तारांमध्ये बसतो आणि फुटला तर आग लागू शकते. शिट्टी गेली नाही, पण इतकी खाली बसली की बोलणं स्पष्ट कळू लागलं. डबी मात्र बंद होईना, म्हणून सगळं मोठ्या डबीत घालून दिलं. मामांनी तिथेच बसून बातम्या ऐकल्या.

पॉवर अ‍ॅडॉप्टरांना २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशानंतर भारतीय मानक १३२५२ ची नोंद लागू लागली. चांगलंच झालं. त्यामुळे शॉक देणारे, पेट घेणारे अ‍ॅडॉप्टर कमी झाले. पण ते मानक सुरक्षिततेचं आहे. शेजाऱ्याच्या रेडिओत किती घाण जाते हे त्यात मोजलं जात नाही. रेडिओतल्या अडथळ्यांसाठीची आंतरराष्ट्रीय समिती १९३४ सालची आहे, म्हणजे प्रश्न काही नवा नाही. तो आता गावात पोचला, इतकंच. ज्यांच्याकडे अजून मध्यम लहरींचा रेडिओ आहे ती माणसं म्हातारी आहेत, तक्रार कुठे करायची ते त्यांना ठाऊक नाही, आणि रेडिओच जुना झाला असं मानून ती गप्प बसतात. फिल्टरवर वाचवलेले चार रुपये त्यांच्या कानांतून वसूल होतात. हे मला पटत नाही आणि कधी पटणार नाही.

त्या निळ्या कंडेन्सरचा विषय निघालाच आहे तर ‘करंट मारतोय’ ही तक्रारही सांगायला हवी. धातूची पेटी असलेल्या तीन पिनांच्या सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून एकेक छोटा कंडेन्सर पेटीला जोडलेला असतो. बाहेर जाणारी खरखर तो अर्थिंगमध्ये सोडतो. अर्थिंग असेल तर. नसेल, किंवा कुणी तिसरी पिन मोडून टाकली असेल, तर ती पेटी दोन कंडेन्सरांच्या मधोमध लटकते आणि तिच्यावर निम्मी वीज, ११५ व्होल्टच्या आसपास, दिसते. प्रवाह मिलिअँपिअरच्याही खाली, जिवाला धोका नाही, पण हाताला मुंग्या येतात. माणसं येऊन सांगतात की कॉम्प्युटर लीक झालाय, आणि काही मेकॅनिक तो कंडेन्सरच कापून देतात. मुंग्या थांबतात आणि फिल्टर निकामी होतो. मी तसं करत नाही. अर्थिंग बघायला घरी जातो.

अर्थिंग बघायचं म्हणजे परभणीची माती बघायची. आमची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती फुगते, ओल धरते आणि अर्थिंग उत्तम देते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमिनीत पुरलेल्या नळीपासून माती सुटते आणि चारही बाजूंनी हवा शिरते. ऑगस्टमध्ये ठणठणीत असलेलं अर्थिंग एप्रिल-मे मध्ये नावापुरतं उरतं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी वरून पाणी घालावं लागतं. घरातल्या बाईमाणसांना मी सांगतो, तुळशीला घालता तसं उन्हाळाभर रोज तांब्याभर पाणी या नळीतही घाला. सप्लायच्या फिल्टरची आखणी करणाऱ्याने पेटीच्या बाजूला ‘अर्थ’ची खूण काढली की त्याचं काम संपतं. त्या खुणेच्या पुढे आमच्याकडे भेगाळलेली जमीन असते, हे त्याच्या नकाशात कुठेच नसतं.

आता उलट बाजू. फिल्टर कमी पडतो म्हणून तो वाट्टेल तेवढा वाढवणं हा इलाज नाही. कंडेन्सर जितका मोठा, तितका तो कमी वेळात, शिखराच्या टोकावरच भरला जातो. डायोडांतून आणि ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह बारीक पण फार उंच उमाळ्यांनी जातो. ट्रान्सफॉर्मर आहे त्याच कामाला जास्त तापतो. आणि वीज आल्या क्षणी रिकामा मोठा कंडेन्सर जो घोट घेतो त्यात डायोड किंवा स्विचचे पॉइंट जळतात. लोडशेडिंगच्या वर्षांत हे मी रोज पाहिलं. एसएमपीएसमध्ये त्या पहिल्या घोटाला आवर घालायला एक काळी चकती असते. ती थंड असताना अडवते, तापली की वाट सोडते. पण वीज जाऊन दोन-चार सेकंदांत परत आली तर चकती अजून तापलेली असते आणि अडवतच नाही. आमच्याकडे पहिल्या वाऱ्याला वीज लपंडाव खेळते. मृगाच्या पावसानंतरच्या आठवड्यात फुटक्या डायोडांचा ढीग जमतो तो यामुळे.

याहून सूक्ष्म एक गोष्ट आहे. आयटीआय झालेली मुलं माझ्याकडे शिकायला येतात. त्यातल्या एकाने बारा व्होल्टच्या एका सप्लायमध्ये मूळच्यापेक्षा फार कमी रोधाचा, उत्तम दर्जाचा कंडेन्सर बसवला. त्याला वाटलं, चांगलंच करतोय. सप्लाय बारीक आवाजात किणकिणायला लागला. त्याने तो दोष लपवला नाही, मला आणून दाखवला, म्हणून आम्हा दोघांना बसून शोधता आला. आउटपुट किती आहे हे मागे कळवणारा जो धागा सप्लायमध्ये असतो, त्याची आखणी जुन्या कंडेन्सरचा थोडासा रोध गृहीत धरून केलेली असते. तो रोध काढून घेतला की सप्लाय स्वतःलाच उशिरा सावरतो, मग जास्त सावरतो आणि डोलत राहतो. दोन कंडेन्सर आणि मध्ये बारीक कॉइल असेल तर तो धागा कॉइलच्या अलीकडून घेतला की पलीकडून, यावरही हेच ठरतं. त्या मुलाला मी वहीत दोन्ही आकृत्या काढायला लावल्या. फिल्टर म्हणजे सप्लायच्या शेवटी लावलेली वस्तू अशी त्याची समजूत होती. ती त्या दिवशी गेली. फिल्टर बदलला की सगळा सप्लाय बदलतो.

माल मी हैदराबादहून आणतो. देवगिरी एक्स्प्रेसने जायचं, कोठीच्या गुजराती गल्लीत फिरायचं. कंडेन्सर हातात घेऊन आधी वजन बघतो, कारण मोठ्या डब्यात छोटा कंडेन्सर घालून नवी पट्टी चढवलेला माल बाजारात असतो. घरी आलो की प्रत्येक पिशवीतले काही मोजतो. मायक्रोफॅरडपेक्षा आतला रोध महत्त्वाचा. वाळलेला कंडेन्सर साध्या मीटरवर पुष्कळदा पूर्ण माप दाखवतो, आणि रोध मात्र ०.०५ ओहमवरून एक ओहमवर गेलेला असतो. दोन अँपिअरची लाट त्यावरून गेली की व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या जागी दोन व्होल्टची उसळी. डीसीवर ठेवलेला मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून तो बाराच म्हणतो. बॉक्समधल्या आयसीला सरासरीशी देणंघेणं नसतं, तिला प्रत्येक क्षणाचा व्होल्ट लागतो.

दोन-तीन वर्षांत नवं काम सुरू झालंय, सौर पंपांच्या कंट्रोलरचं. शेतात पॅनल, शेजारी पेटी, आणि तिथून बोअरमधल्या मोटारीपर्यंत लांबच लांब केबल. कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा वीज तोडून मोटार फिरवतो आणि ती केबल एरियलसारखी वागते. पाथरी तालुक्यातल्या एका शेतावर मीटरचे आकडे आणि रेडिओ दोन्ही त्यापुढे टिकत नाहीत. हमीच्या मुदतीत पेटी मी उघडत नाही, बाहेरूनच काय करता येईल ते बघतोय. मोटारीच्या तिन्ही वायरी एकत्र धरून एकाच मोठ्या फेराइट रिंगमधून तीन-चार वेढे द्यायचे. वेगवेगळ्या रिंगमधून एकेकटी वायर काढली तर मोटारीचा पूर्ण प्रवाह रिंग भरून टाकतो आणि तिचं काम थांबतं. तिन्ही एकत्र असल्या की मोटारीचा प्रवाह एकमेकांत फिटतो आणि फक्त खरखर अडते. शिवाय केबलचं वेष्टन पेटीच्या अर्थिंगला जोडायचं आणि ते अर्थिंग आता, ओल आहे तोवर मोजून ठेवायचं. पुन्हा मोजणी मे मध्ये, त्याच जमिनीला भेगा पडल्यावर. तेव्हाचे आकडे हातात आल्याशिवाय ही जोडणी चालते असं मी कुणाला सांगणार नाही.